अबोल मुलगा डाळ मिल चालवू शकेल का?

काका, नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून तुम्ही विचारलंत : मुलगा बी.एस्सी. झाला, घरच्या तुरीवर मिनी डाळ मिल टाकायची म्हणतो, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. धंद्याला लागणारं पुढारपण त्याच्यात नाही, मग कर्ज काढावं का?

पुढारपण म्हणजे भाषण नव्हे, काका. मिलवर पोतं उतरवणारा शेतकरी आधी काटा पाहतो. तूर त्याच्यासमोर मोजली का? क्विंटलमागे साधारण 70 किलो डाळ निघते, दाणा बारीक असला तर कमी. हे आधीच सांगितलं का? चुनी, म्हणजे भरडताना निघालेला चुरा, कोणाची, हे ठरलं का? मंगळवारचा वायदा बुधवारवर जाणार असेल, तर सोमवारीच निरोप गेला का? तेल-पाणी लावलेली तूर वाळत असताना आभाळ भरून आलं, तर ताडपत्री घेऊन पहिलं कोण धावतं, हे कामावरच्या बाया बरोबर पाहतात. ज्याच्याकडे बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडते, त्याच्याकडे त्या पुढच्या हंगामातही येतात. यातलं काहीच मोठ्या आवाजाचं काम नाही.

अबोल माणसाला एक मात्र शिकावंच लागतं, नाही म्हणणं. भिडेपोटी दिलेली नात्यातली उधारी खेळतं भांडवल खाऊन टाकते, आणि ऐन आवकीत तूर घ्यायला हातात पैसा उरत नाही.

आता तुमच्याबद्दल. पत्रात मुलाची एकही ओळ नाही, हे मला जास्त खटकलं. गिऱ्हाइकाला भाव तुम्हीच सांगत राहिलात, तर गाव त्याला मालक कधी मानेल? एखादा सौदा त्याच्या हातून बुडू द्या.

कर्जाची घाई नको. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात मुलालाच विचारू द्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळ मिलही त्यानं पाहून यावी.

त्याआधी यंदाच्या तुरीतली दोन क्विंटल त्याच्या हवाली करा. दुसऱ्याच्या मिलवर भरडून आणू दे, डाळ त्यालाच विकू दे. कोणाला किती, कोणत्या भावानं, उधारी किती, सगळं वहीत लिहू दे. ती वही घेऊन त्याला माझ्याकडे एकट्याला पाठवा.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक