घरी बनवलेला ऑइल कॅच कॅन (इंजिनातून निघणाऱ्या वाफेतलं तेल अडकवणारा डबा) टर्बो पेट्रोल गाडीला चालेल का? हवेच्या कंप्रेसरचा फिल्टर वापरायचा विचार आहे. (ठाणे)

चालेल, पण त्या फिल्टरची पारदर्शक प्लास्टिकची वाटी नको. बॉनेटखालची उष्णता आणि तेल-पेट्रोलच्या वाफेने तिला तडे जाऊ शकतात. धातूच्या वाटीचा घ्या.

कॅन पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरला हवा पोचवणारा भाग) यांच्या मधल्या पाइपात बसतो. बूस्ट आल्यावर, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरू लागल्यावर, मॅनिफोल्डचा दाब उलटा येतो, म्हणून कंपनीचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा) अजिबात काढू नका. कॅनला वर छोटा फिल्टर लावून तो हवेत मोकळाही सोडू नका. सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते आणि आयडलिंग बिघडतं.

रिकाम्या डब्यात तेल फारसं अडकत नाही. आत स्टीलची घासणी भरा, पण बाहेरच्या तोंडाशी बारीक जाळी घट्ट बसवाच. घासणीची एक तार सुटून इंजिनात गेली तर सिलिंडरला ओरखडे पडतील.

पाइप तेल सोसणाराच हवा. साधा पाण्याचा पाइप मऊ होऊन आत ओढला जातो, चिमटतो. मग क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) दाब साचतो आणि ऑइल सील गळायला लागतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पावसाळ्यात, त्यातून घोडबंदर रोडला जवळच्या जवळ फिरणारी गाडी असेल तर कॅनमध्ये दुधाळ, पिवळट गाळ दिसेल. ते बहुधा वाफेचं पाणी असतं. तरी कूलंट तेलात मिसळत नाही ना, हे कळायला त्याची पातळी बघून घ्या. कॅन दर हजार किलोमीटरला रिकामा करा. ते तेल गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.