थिऑलॉजीच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) पदवीवर श्रीरामपूरचं नाव का असतं?

आधी एक गैरसमज दूर करतो. हे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे बंगालमधलं, कोलकात्याजवळ हुगळीकाठी वसलेलं सेरामपूर.

तिथलं सेरामपूर कॉलेज १८१८ चं. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी ते काढलं. ईस्ट इंडिया कंपनीला सुरुवातीला मिशनरी नकोसे होते, म्हणून ही मंडळी डॅनिश वसाहतीत, म्हणजे सेरामपूरला, येऊन राहिली. त्याचा फायदा असा झाला की १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकारच दिला. पुढे १८४५ मध्ये डॅनिशांनी गाव इंग्रजांना विकलं, पण सनद शाबूत राहिली.

गंमत म्हणजे अधिकार असूनही तो कित्येक वर्षं नुसता कागदावरच होता. बी.डी.ची (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पहिली पदवी मिळाली १९१५ मध्ये! १९१८ च्या कायद्याने सिनेट (पदव्यांचा कारभार पाहणारं मंडळ) आली आणि तेव्हापासून खरा विस्तार झाला. इतर सेमिनरी (ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था) संलग्न होत गेल्या. पुण्यात बिबवेवाडीला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९८३ पर्यंत ती यवतमाळला होती) त्यातलीच. म्हणजे शिकायचं पुण्यात, पदवी सेरामपूरची.

आणि हो, कॅरीचं मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडीतला मराठी कोश (१८१०) याच गावातल्या छापखान्यातून निघाले. तेव्हा नातं अगदीच परकं नाही.