वाचक विचारतात : इयागो आधीच का उघडा पडतो?

प्रश्न : शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ पहिल्यांदाच वाचायला घेतलंय. पहिल्या प्रवेशात ऑथेल्लो येतच नाही, नुसता इयागो बोलतोय, आणि वर स्वतःच सांगून टाकतो की मी दिसतो तसा नाहीये. व्हिलनचं गुपित असं सुरुवातीलाच फोडलं तर पुढे बघायचं काय? आणि तो रॉडरिगो नसता तर काय अडलं असतं?

उत्तर : फोडलंय खरं, पण ते कधी आणि कोणासमोर तेवढं बघा. नाटक उघडतं तेव्हा व्हेनिसच्या रस्त्यात रात्रीच्या वेळी डेस्डेमोनाच्या मागे लागलेला रॉडरिगो इयागोवर चिडलेला आहे, माझ्या पैशांची थैली स्वतःची असल्यासारखी वापरलीस आणि तिने ऑथेल्लोशी गुपचूप लग्न केल्याची ही एवढी मोठी बातमी तुला माहीत असून मला बोलला नाहीस! म्हणजे इयागोची एंट्रीच मुळी आरोपी म्हणून आहे. आता खरंतर त्याने पैशांचं काहीतरी उत्तर द्यायला हवं ना, पण नाही, तो सुरू करतो स्वतःचं रडगाणं, की शहरातल्या तीन बड्या लोकांनी माझ्यासाठी शब्द टाकला तरी सेनापती ऑथेल्लोने मला डावललं आणि त्या फ्लॉरेन्सच्या कॅसिओला, ज्याने कधी मैदानात तुकडी उभी केली नाही, नुसता पुस्तकी हिशेबनीस, त्याला लेफ्टनंट, म्हणजे आपल्या हाताखालचा दुसरा अधिकारी केलं. थोड्या वेळात रॉडरिगो स्वतःचे पैसे विसरून याचीच बाजू घ्यायला लागतो, आणि गंमत म्हणजे आपणही! प्रमोशन हुकलेला माणूस कोणाला परका वाटतो? पण या सगळ्याला साक्षीदार कोण, तर इयागो एकटा. त्या तीन बड्यांपैकी एकही जण पुढे अख्ख्या नाटकात येऊन ‘हो, आम्ही बोललो होतो’ असं म्हणत नाही. त्यामुळे तुम्ही म्हणता ते गुपित कळल्यावरसुद्धा आपण फसतोच. मला तर वाटतं पहिला गंडवलेला माणूस प्रेक्षकच.

मग डेस्डेमोनाच्या बापाला झोपेतून उठवायचा तो घाणेरडा प्रकार. सगळ्यात गलिच्छ शब्द इयागोचे, पण नाव सांगतो फक्त रॉडरिगो. बाप खाली यायच्या आत हा पसार, ऑथेल्लोविरुद्ध साक्ष द्यावी लागली तर नोकरी जाईल म्हणून. शिवाय इथपर्यंत ऑथेल्लोचं नावही कोणी घेतलेलं नाही, नुसतं ‘तो मूर’, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा माणूस. नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते थेट तिसऱ्या प्रवेशात, ड्यूकच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या तोंडून.

दुसरा प्रवेश लगेच वाचा, मध्ये गॅप घेऊ नका. तोच इयागो आता ऑथेल्लोच्या शेजारी उभा राहून सांगतोय की तुमच्याबद्दल इतकं वाईट बोलत होता तो, नऊ-दहा वेळा मनात आलं की बरगडीखाली खुपसावा. आणि पुढे शपथ घेतो ती जेनसची, म्हणजे दोन तोंडांच्या रोमन देवाची :) शेक्सपिअरने इथे जरा जास्तच खुणावलंय असं माझं मत, पण स्टेजवर ते इतक्या पटकन निघून जातं की लक्षात येत नाही. (इंग्रजी जड जात असेल तर देवलांनी १८९० मध्ये यावरूनच केलेलं ‘झुंजारराव’ सोबत ठेवा, मजा येते.)

राहिला रॉडरिगो. अहो तो नसता तर इयागोची मेथड दिसलीच नसती! आपलं खरं रूप तो सांगतो ते याच गिऱ्हाइकाला आणि तरी गिऱ्हाईक सुटत नाही. पहिल्याच वाक्यात थैलीची तक्रार करणारा हा बाबा पहिल्या अंकाच्या शेवटी जमीन विकायला निघतो, कारण इयागो ‘थैलीत पैसे भर’ हे एकच परत परत म्हणत राहतो. पुढे डेस्डेमोनासाठी म्हणून दिलेले दागिनेही गेले. चौथ्या अंकात ते परत मागायला उभा राहतो बिचारा, आणि पाचव्यात त्याला मारतो तो इयागोच.