आधी फाटक ठरवा, मग कुंपण

भाऊ, जाळीचा भाव काढण्याआधी रानात दोन दिवस गुरांमागं फिरा. पाण्याच्या हौदाकडं, गोठ्याकडं ती कुठून जातात, ते बघा. फाटक त्याच वाटेवर, शक्यतो कोपऱ्यात ठेवा. कुंपणाच्या कडेनं हाकललेली गुरं कोपऱ्यात आपोआप गोळा होतात. मधल्या फाटकाजवळून मात्र ती सरळ पुढं निघून जातात. रुंदी बारा-चौदा फूट हवीच, कडब्याची ट्रॉली वळली पाहिजे. फाटक दोन्ही बाजूंना उघडेल असं बसवा.

खरा पैसा कोपऱ्याच्या खांबांवर घाला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तारेच्या ताणानं खांब आत झुकतो. त्यामुळं खोल खड्डा, काँक्रीट आणि ताणाच्या रेषेत तिरका टेकू, यात काटकसर नको.

काटेरी तार मी गुरांसाठी सुचवणार नाही. कास फाटली की दुभती गाय हातची जाते. खिलार जातीचं जनावर चपळ, बुजलं की उडी घेतं. त्याला पाच फूट उंची द्या. पंढरपुरी म्हशी मात्र अंग घासून तार सैल करतात.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र, चांगलं, पण एप्रिल-मेमध्ये मुरमाड रान कोरडं पडलं की अर्थिंग (यंत्राची जमिनीशी विजेची जोडणी) नीट होत नाही आणि झटका कमी बसतो. अर्थिंगची सळई ओलीच्या जागी, हौदाजवळ ठोका. घरातली लाइट थेट तारेत कधीच सोडू नका, माणूस मरतो.