कपावरची अक्षरं कोणाची?

प्रश्न : लेस्टरला असलेल्या मुलाने जुन्या बाजारातून चांदीचा दोन कानांचा कप आणलाय. बुडाशी तिरप्या वळणाचं 'एचबी', सिंह, मुकुटवाला बिबट्या, राजाचं डोकं आणि लहान लिपीतला 'एम' आहे. पोटावर वर 'बी', खाली 'जे' आणि 'एम' कोरलेत. एचबी हेच मूळ मालक ना? पावडरीने घासला तर चालेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पावडर आधी लांब ठेवा! घासून घासून कोरीवकाम बुजलं, की मालकाचा मागच संपला.

एचबी मालक नव्हे, कारागीर. तिरप्या अक्षरातला हा छाप लंडनच्या हेस्टर बेटमनचा. नवऱ्यामागे तिने कारखाना हाती घेतला आणि 1761 मध्ये स्वतःचा छाप नोंदवला. सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, बिबट्या लंडनचा, राजाचं डोकं म्हणजे चांदीवर 1784 पासून लागलेला कर भरल्याची पावती. लहान अक्षर वर्ष सांगतं, ते दरवर्षी बदलायचं; लंडनच्या त्या मालिकेतला 'एम' 1787-88 चा. अर्थात छाप खरे असतील तर; नकली छापही सर्रास सापडतात.

मालक पोटावर आहे. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालतात, तसंच हे. वर आडनाव, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. म्हणजे 'बी' आडनावाचं जोडपं. एवढ्यावरून घराणं सांगणारा दुकानदार भेटला तर पाकीट सांभाळा.

कपावर तोंडाची वाफ सोडा आणि तिरप्या उजेडात बघा. पुसलेलं जुनं कुलचिन्ह असेल तर क्षणभर उमटतं. कुलचिन्हाची पूर्ण ढाल दिसली तर लगेच फोटो काढा. तिच्यावरून शोध लागू शकतो.