माळावर तासभर एकटाच उभा असलेला काळा काळवीट कळपाने हाकललेला असतो का?

नाही हो. तुम्हाला दिसला तो बहुधा त्या माळावरचा सगळ्यात तेजीत असलेला नर होता.

तुम्ही लिहिलंय की अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या कर्जतच्या अलीकडे रस्त्यालगतच्या माळावर तो तासभर हलला नाही, तांबूस जनावरांचा कळप अर्धा किलोमीटर लांब चरत होता आणि गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारा झाला की कळप हाकलून देतो." हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकत आलोय. पण काळविटात उतरणीला लागलेला नर सहसा इतर नरांच्या टोळीत जाऊन मिसळतो. तिथे मिसरूड फुटल्यासारखी अर्धवट काळी पोरं असतात आणि जागा गमावलेले बापेही असतात. एकटा दिसतो तो जागा धरून बसलेला.

ही जागा ओळखायची खूण जमिनीवर असते. मी बरीच वर्षं कर्जतजवळच्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात आणि आजूबाजूच्या माळांवर दुर्बीण घेऊन जातो. चालता चालता कुठेतरी लेंड्यांचा चांगला पाटीभर ढीग लागतो. खालच्या लेंड्या वाळून पांढरट झालेल्या, वरच्या काळ्या, ओलसर. शेळ्यामेंढ्या चालता चालता लेंड्या टाकत जातात, अशा एका ठिकाणी रचत नाहीत. एकदा सकाळी सातच्या सुमाराला मी बांधाआड बसून एक नर बघितला. तो ढिगाशी आला, हुंगलं, पुढच्या पायाने दोनदा खरवडलं, नीट वाकून त्यावरच लेंड्या टाकल्या. मग चार पावलं जाऊन एका कुसळाच्या काडीपाशी मान तिरकी केली आणि काडीचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याखालच्या फटीत अलगद घातलं. डोळा फुटतो की काय, असं वाटावं इतक्या जवळ! तिथे त्याची ग्रंथी असते. तो गेल्यावर काडी पाहिली तर शेंड्याला डांबरासारखा चिकट काळा ठिपका. सातबारा म्हणा हवं तर.

कळप मात्र त्याचा नसतो. माद्या आणि पिल्लं आपल्या मर्जीने, गवत असेल तिकडे फिरतात. नर त्यांच्यामागे जात नाही, त्यांनी आपल्या तुकड्यातून जावं म्हणून उभा राहतो. त्या आल्या की त्याची चाल बदलते. नाक आभाळाकडे, शिंगं पाठीला टेकलेली, कान पडलेले, शेपटी वर वळलेली, आणि घशातून घुरघुर आवाज. पाय उचलून असा मिरवत येतो की हसू येतं. मादी बहुतेक वेळा चरतच राहते. तिला पटलं नाही तर ती शेजारच्या नराच्या हद्दीत निघून जाते आणि याला हद्दीवर थांबावं लागतं. पलीकडे पाऊल टाकलं की शिंगाला शिंग.

गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला तर हा प्रकार बाजारासारखा भरतो. 1976 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जेमतेम 34 चौरस किलोमीटरचं गवताळ रान. तिथे माजाच्या काळात कितीतरी नर एकमेकांना खेटून लहान लहान तुकडे धरतात. खायला तिथे फारसं काहीच नसतं. माद्या येतात त्या फक्त नर निवडायला आणि फळतं ते मोजक्याच नरांना. बाकीचे नुसते उभे.

याची किंमत मोठी असते. जागा सोडली की दुसरा घुसतो, त्यामुळे चरणं अर्धवट, पाण्यावर जाणं घाईघाईत आणि लांडगा आला तर कळपाचे पन्नास डोळे सोबतीला नाहीत. म्हणून कोणी काही आठवडे टिकतो, कोणी काही महिने. त्यातून अंगाने उतरला की गेला टोळीत.

काळ्या रंगाबद्दलही तुम्ही विचारलंय. जन्मतः सगळेच तांबूस पिवळे असतात, माद्या तशाच राहतात. नर साधारण तीन वर्षांचा झाला की काळवंडायला लागतो, पण पोट, हनुवटी आणि डोळ्याभोवतीचं कडं पांढरंच राहतं. ऋतूप्रमाणे हा रंग गडद-फिका होतो, त्यामुळे फिका दिसला म्हणजे लहान, असं धरू नका. शिंगांचे पीळ बघा. पूर्ण वाढलेल्या नराला तीन-चार पीळ सहज असतात.

आणि शिंगांवरूनच दुसरा गोंधळ मिटवतो. "काळवीट म्हणजे नर हरीण" हे बोलण्यात ठीक आहे, पण चितळ-सांबर वेगळे. त्यांची शिंगं फांद्यांची असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात, ते सारंग. काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौसिंगा हे कुरंग. यांच्या शिंगांना फांद्या नसतात, ती आत हाडावर चढवलेल्या टोपणासारखी पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. पीकनुकसानीच्या सरकारी कागदातसुद्धा "हरीण (सारंग व कुरंग)" असंच लिहिलेलं असतं. आमच्याकडे हरभऱ्याचे कोंब खाल्ले की हा कंस लोकांना पाठ होतो.

धावण्याचं म्हणाल तर ताशी 80 किलोमीटरच्या घरात जाणारं हे जनावर आज ज्याच्यापुढे धावतं तो लांडगा इतका वेगवान नाहीच. हे पाय चित्त्यासाठी घडलेले आहेत. आपल्याकडचा चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं, वेग मात्र राहिला. आता खरा त्रास गावकुत्र्यांचा. ती टोळीने येतात, दमत नाहीत आणि पाडस शोधून काढतात.

पाडसाबद्दल एक कळकळीने सांगतो. मादी साधारण सहा महिन्यांनी एकच पाडस देते आणि पहिले काही दिवस ते गवतात निपचित पडून राहतं. आई लांब चरते, कारण ती जवळ राहिली तर जागा उघडी पडेल. मला एकदा असं पाडस पायाखाली यायचं राहिलं. अंग जमिनीला चिकटलेलं, मान लांब केलेली, कान मिटलेले, फक्त पोटाची हालचाल. तिथून सरळ मागे फिरायचं. "आई टाकून गेली" म्हणून दरवर्षी कोणीतरी कनवाळू माणूस असं पाडस उचलून घरी आणतो. बाटलीच्या दुधावर ते बहुधा जगत नाही आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे गुन्हाही होतो तो.

रेहेकुरी अभयारण्य 1980 चं, पण केवढं? सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. तेवढ्यात कुठला कळप मावतो! ते आजूबाजूच्या माळांवर, पडीक रानात जगतात. त्या जमिनीला आपण "पडीक" म्हणतो हाच मोठा घोटाळा आहे. तिथे झाडं लावायला उत्साही मंडळी येतात, वेडी बाभूळ तर न लावताच येते, आणि लांबवर बघून पळणाऱ्या जनावराला समोरचं दिसेनासं होतं. काळविटाला सावलीपेक्षा मोकळं आभाळ हवं.

पुन्हा त्या रस्त्याने गेलात तर उजाडताना किंवा ऊन उतरल्यावर जा आणि गाडीतून उतरू नका. गाडीला ते फारसे बुजत नाहीत, दोन पायांच्या माणसाला बुजतात. जागा लक्षात ठेवा. मी वर सांगितलेल्या ढिगावर दोन महिन्यांनी परत गेलो होतो. तिथे दुसराच नर होता, डाव्या शिंगाचा शेंडा मोडलेला. आधीचा, कान चिरलेला, पलीकडच्या नरांच्या टोळीत दिसला. बरगड्या मोजता येत होत्या आणि मान खाली घालून नुसता खात होता.