पुण्यात मुक्काम कर

कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

हिमाचलातल्या सिस्सूला कमरेइतक्या बर्फात उभे राहून तू आणि तुझ्या भावाने काढलेले फोटो काल संध्याकाळी तुझ्या आईने मला दाखवले. शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर तुला गाडी शिकवायला घेतली, तेव्हा क्लच सोडताना तुझा पाय थरथरत असे. तीच तू आज कोल्हापूरहून स्वतः गाडी चालवत रोहतांगच्या पलीकडे जाऊन पोहोचलीस, याचा मला फार आनंद झाला आहे. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे पत्र काळजीचे आहे.

आईने सांगितले की तुम्ही शुक्रवारी दुपारी मनाली सोडणार, रविवारी रात्री घरी येणार आणि सोमवारी सकाळी तू कामावर हजर होणार. मनाली ते कोल्हापूर हे अंतर सुमारे २,३०० किलोमीटर आहे. जाताना तुम्ही रमतगमत, जयपूर-उदयपूर बघत, सहा दिवसांत गेलात आणि येताना तेच अंतर अडीच दिवसांत कापायचे ठरवता आहात. सैन्यात मी चौदा वर्षे अवजड गाड्या चालवल्या, त्यांतले पाच हिवाळे बर्फात काढले, आणि एवढ्या वर्षांत जे अपघात जवळून पाहिले त्यांतले बहुतेक परतीच्या वाटेवरचे होते. जाताना माणूस नव्या रस्त्याला बिचकून असतो. येताना त्याला वाटते की हा रस्ता आपण पाहिलेला आहे, आणि त्याचे मन गाडीच्या पुढे धावत घरी जाऊन बसलेले असते.

पहिली गोष्ट बर्फाची. तुला आता ताज्या, भुसभुशीत बर्फाची भीती उरली नसेल, आणि ते एका अर्थाने बरोबरही आहे, कारण त्यात टायर थोडाफार तरी रुततो. भीती बाळगायची ती दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेल्या पाण्याची. ते डांबरावर काचेसारखे पातळ पसरते, खालचा काळा रस्ता त्यातून तसाच दिसतो, आणि रस्ता नुसता ओला आहे असे वाटत राहते. सिस्सूहून परतताना रोहतांगखालच्या अटल बोगद्याचे ९.०२ किलोमीटर तू कोरड्या रस्त्यावरून येशील, त्या कोरडेपणाने पाय सैल होईल, आणि दक्षिणेकडच्या तोंडातून बाहेर पडताच, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, सावलीतला गोठलेला उतार समोर येईल. म्हणून बोगदा संपण्याच्या आधीच वेग उतरव. पुढे सोलंगपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जमेल तितका कमी हात लावत ये. आपल्या गगनबावड्याच्या घाटात जे शिकवले तेच इथे करायचे आहे, फक्त पुढच्या गाडीपासूनचे अंतर चौपट ठेवायचे आणि गिअर उतरवताना क्लच अगदी हळू सोडायचा. गाडी घसरू लागली तर ब्रेक दाबून धरू नकोस. ॲक्सिलरेटरवरून पाय काढ आणि जिकडे जायचे आहे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हलकेच वळव. पुलावर डांबर आधी गोठते, कारण त्याला खालूनही थंड वारा लागतो. दुपारी तीननंतर वर थांबू नका, दृश्य कितीही सुंदर असले तरी.

रात्री हॉटेलबाहेर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नकोस, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकांना दगड लाव. वायपर काचेवरून उचलून ठेव. सकाळी काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतण्याचा मोह होईल, पण त्याने काच तडकते. टपावरचा बर्फ मात्र आठवणीने झाडून काढ, कारण पहिल्याच उतारावर ब्रेक लावताच तो सगळा थर पुढच्या काचेवर येऊन पडतो आणि तेवढा वेळ तुला काहीही दिसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरला साधे पाणी घालून वेळ भागवण्याची सवय आहे. तुझ्या गाडीतही कुणी तसे केले असेल तर तिथल्या मेकॅनिककडून कूलंट आजच्या आज तपासून घे, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फोडू शकते.

एक गोष्ट मात्र भावाला आणि मैत्रिणींनाही वाचून दाखव. वाटेत बर्फ पडू लागला आणि रांगेत अडकलात, तर इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, हीटरच्या उबेत झोपायचे नाही. सायलेन्सरच्या नळीपाशी बर्फ साचला की धूर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे झोपलेल्याला जाग येत नाही. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती, आणि त्या वेळी हेच एक मोठे कारण सांगितले गेले. इतकी माणसे घरापासून दूर, उबेसाठी काचा लावून बसलेली, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अडकलात तर तासातून दहा मिनिटेच इंजिन चालवा, त्याआधी खाली उतरून नळीभोवतीचा बर्फ हाताने उकरा, एक काच बोटभर उघडी ठेवा आणि एकाने तरी जागे राहा.

डोंगर उतरलात की बर्फ संपेल, पण जानेवारीतल्या पंजाब-हरियाणाचे धुके सुरू होईल. मला विचारशील तर मी ते बर्फापेक्षा अधिक वाईट मानतो. बर्फात सगळेच हळू चालतात. धुक्यात मात्र कुणी वीसने तर कुणी ऐंशीने चालत असतो. अंबाला ते पानिपत हा पट्टा सूर्य चांगला वर आल्याशिवाय पार करू नकोस. अप्पर लावलास तर धुक्याची पांढरी भिंत अधिकच दाट होते, तेव्हा डिपरवरच चाल. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून राहा आणि थांबावेच लागले तर रस्त्यावर न थांबता थेट ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात शीर.

टायरमधील हवेचेही लक्षात ठेव. तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की हवेचा दाब सुमारे एक पीएसआयने बदलतो. मनालीत शून्याखाली पाच अंशांवर भरलेली हवा सुरतेच्या तीस अंशांत सहाने वाढलेली असेल, म्हणून वाटेत दर सकाळी गाडी थंड असताना हवा तपासून घे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. १९९१ च्या जानेवारीत मी काश्मीरमधून रजेवर निघालो. तीन महिने बर्फात गाडी हाकली होती आणि एक ओरखडाही उठू दिला नव्हता, याचा मला अभिमान होता. झेलम एक्स्प्रेसने तिसऱ्या रात्री पुण्याला उतरलो. मेव्हण्याची जीप पुण्यात होती, ती गावी न्यायची होती, आणि बरोबर माझ्याच पलटणीतला गावचा मित्र होता. मेव्हणा म्हणाला, सकाळी जा. पण दोन रात्री गाडीच्या डब्यात नीट झोप झाली नसतानाही मला वाटले की आता राहिलेच किती, चार-पाच तासांत आई दारात दिसेल. पेठ नाक्याच्या अलीकडे, पहाटे चारच्या सुमारास, माझा डोळा लागला. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली तरी जवळजवळ नव्वद मीटर रस्ता कुणीच गाडी न चालवता संपतो. समोर धुरा मोडून उभी राहिलेली उसाची डबल ट्रॉली होती. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, एक दगड आणि झाडाची एक फांदी तेवढी ठेवलेली होती. फुटलेल्या काचेतून आत घुसलेली उसाची कांडी माझ्या खांद्याला टेकली होती आणि अंधारात हाताला लागलेले ते ओले रक्त आहे की रस हे मला कळत नव्हते. मी वाचलो. मित्राचा गुडघा चिरडला, त्याची नोकरी गेली, आणि आज चौतीस-पस्तीस वर्षांनीही तो पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून, माझा हात धरून उतरतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता असे लोक म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो, कारण जागा असतो तर ती फांदी मला दिसली असती.

म्हणून तुझ्याकडे माझे मागणे एवढेच आहे की परतीला पाच मुक्काम कर, आणि पाचवा पुण्यात कर. पहिला चंदीगडच्या आसपास, मग जयपूर, उदयपूर आणि सुरत, इथवर तू कदाचित ऐकशीलही. पण पुण्यात रात्री आठला पोहोचलीस की तुलाही वाटेल की २३० किलोमीटरसाठी हॉटेलचे पैसे कशाला घालवायचे. भाऊ म्हणेल, मी चालवतो. त्यालाही तेवढीच झोप आलेली असेल. सध्या गळीत हंगाम ऐन भरात आहे, सातारा ते कोल्हापूर रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जागोजागी वाहतूक वळवलेली आहे, आणि रात्रभर उसाच्या ट्रॉल्या कारखान्यांच्या दिशेने चालू आहेत. अजूनही त्यांतल्या कित्येकींच्या मागे दिवा नसतो.

कामावर आजच फोन करून आणखी तीन दिवसांची रजा माग. साहेब रागावतील, कदाचित पगारही कापला जाईल. तुझ्या आईशी मी बोललो आहे. तुम्ही रविवारी येणार नाही, बुधवारी दुपारी येणार, असे मी तिला सांगून ठेवले आहे, त्यामुळे घरी कुणी वाट बघत जागत बसणार नाही. खात्री नसताना बोललो याचा राग मानू नकोस.

बुधवारी किणी टोल नाका ओलांडलास की चहाला थांब आणि मला फोन कर. घरी आल्यावर गाडी लगेच धुवायला देऊ नकोस. बर्फावर टाकलेली माती आणि वाळू चाकांच्या आत, ब्रेकच्या डिस्कपाशी अडकलेली असते, ती मला आधी पाहायची आहे. किल्ली आईपाशी ठेव आणि तू झोप. मी गुरुवारी सकाळी जॅक घेऊन येतो.

तुझा,
काका